हातभर अक्षराची गोष्ट

एक छोटा हिशेब करू. दहा इंच उंच आणि सहा इंच रुंद असं एकच अक्षर छापायचं आहे. छापखान्यातले खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, शिशाच्या मिश्रधातूचे. खिळा उभा ठेवला की पायापासून शाई लागणाऱ्या तोंडापर्यंतचं अंतर इंग्लंड-अमेरिकेच्या मापाने ठरलेलं असतं: ०.९१८ इंच, साधारण २३.३ मिलिमीटर. या मापाने ते अक्षर भरीव ओतलं, तर वजन भरेल जवळपास साडेनऊ किलो. एका अक्षराचं! सहा अक्षरांचा शब्द जुळवला तर तो यंत्रापर्यंत न्यायला दोन गडी लागतील. आणि एखादं अक्षर हातातून निसटलं, तर त्याचा टवका उडालाच म्हणून समजा, कारण हा मिश्रधातू ठिसूळ असतो.

आता तेच अक्षर मेपलच्या लाकडात कापू. तीच लांबी, तीच रुंदी, तीच उंची. वजन साडेसहाशे ग्रॅमच्या आत!

मग छापखाने इतका काळ शिशालाच का चिकटून राहिले? गुटेनबर्गने जर्मनीत धातूच्या सुट्या खिळ्यांनी बायबल छापलं ते १४५० च्या दशकात. लाकडी अक्षरांचा पहिला कारखाना निघाला १८२७ मध्ये. मधल्या पावणेचारशे वर्षांत युरोपात लाकूड मुबलक होतं, निष्णात सुतार होते, कोरीवकाम करणारे होते. गरज पडली की कोणी एखादं मोठं अक्षर हाताने कोरूनही घेई. पण शेकड्यांनी, एकसारखी, वर्षानुवर्षं टिकणारी लाकडी अक्षरं कुणालाच करता आली नाहीत. का?

उत्तर तुमच्या घरातल्या दाराला विचारा. जुलै उजाडला की ते चौकटीत अडकतं, आणि मार्चमध्ये त्याच दाराच्या फटीतून उजेड येतो. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि फुगतं, हवा कोरडी झाली की आकसतं. दारात हे चालून जातं, छपाईत नाही. एका ओळीतले सगळे खिळे अगदी एका उंचीचे लागतात. एखादा खिळा कागदाच्या जाडीएवढा बुटका निघाला तरी त्याचं अक्षर पुसट उमटतं, आणि तेवढाच उंच निघाला तर कागदात रुततो. पावसाळ्यात फुगणाऱ्या वस्तूकडून इतक्या काटेकोरपणाची अपेक्षा करायची तरी कशी?

ही अडचण ओळखणारा एक माणूस गुटेनबर्गच्याही चारशे वर्षं आधी होऊन गेला. चीनमध्ये १०४० च्या दशकात बी शंग नावाच्या कारागिराने भाजलेल्या मातीचे सुटे खिळे बनवले. त्याची हकीकत शन क्वो या विद्वानाने लिहून ठेवली, आणि तीत एक वाक्य असं आहे की वाचताना चमकायला होतं: बी शंगने लाकूड का नाकारलं, याची कारणंच त्याने नोंदवली आहेत. लाकडाची ठेवण कुठे दाट, कुठे विरळ असते. ते पाण्याने फुगतं आणि उंची सारखी राहत नाही. हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराचं निदान अचूक होतं.

तरी लाकडाचा नाद काही सुटला नाही. १२९८ च्या सुमारास वांग जन या चिनी अधिकाऱ्याने साठ हजारांहून अधिक लाकडी खिळे कोरून घेतले. आधी फळीवर अक्षरं कोरायची, मग बारीक करवतीने एकेक सुटं करायचं, मग सुरीने तासून प्रत्येक खिळा दुसऱ्याच्या मापाला आणायचा. चिनी लिपीत वेगवेगळी अक्षरं हजारोंनी. एवढे खिळे समोर मांडले तर ते जुळवणारा जुळारी दिवसभर नुसता चालतच राहील! वांग जनने त्यावर काढलेला तोडगा बघा: सात फूट व्यासाची दोन गोल फिरती मेजं. जुळारी मधे बसायचा, दुसरा माणूस यादीतून क्रमांक वाचायचा, आणि मेज फिरून हवं ते अक्षर जुळाऱ्याच्या हाताशी यायचं. माणूस जागेवर, अक्षरं चालत त्याच्याकडे! एका जिल्ह्याच्या वर्णनाचा ग्रंथ त्याने असा जुळवला आणि त्याच्या शंभर प्रती महिन्याच्या आत छापून काढल्या. पुढे १७७० च्या दशकात बीजिंगच्या राजवाड्यात बोराच्या जातीच्या लाकडाचे अडीच लाखांहून अधिक खिळे तयार झाले. म्हणजे लाकूड काबूत येत होतं, पण एकेक खिळा हाताने तासून, आणि तोही बोटाच्या पेरापेक्षा लहान.

हातभर अक्षराची गरज पडली ती पुढे, इंग्लंडमध्ये आणि तिथून अमेरिकेत. पुस्तक हातात धरून वाचतात, त्याला मोठी अक्षरं कशाला? पण एकोणिसावं शतक उजाडलं आणि वाचायच्या गोष्टी भिंतीवर गेल्या. लॉटरी, नाटकं, औषधं, बोटींच्या वेळा, जमिनीचे लिलाव. रस्त्यावरून जाणाऱ्याचे पाय थांबवायचे, तर अक्षराने ओरडायला हवं. मग लंडनच्या ओतशाळांनी फुगलेल्या अंगाची, जाड रेघांची अक्षरं काढली. व्हिन्सेंट फिगिन्सने १८१५ च्या सुमारास विटांसारखे चौकोनी पाय असलेलं अक्षर आणलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘अँटिक’. नाव जुनेपणाचं, पण अक्षर नव्या वळणाचं.

या अक्षरांपुढे धातू हतबल झाला. वितळलेलं शिसं साच्यात ओतलं की बाहेरून आधी थंड होतं, आतून मागाहून. लहान खिळ्यात फरक जाणवत नाही. मोठ्या अक्षराचं तोंड मात्र थंड होताना मधे खचतं, आणि छापलं की अक्षराच्या पोटात पांढरा डाग राहतो. विल्यम कॅसलन चौथा याने १८१० मध्ये पितळी पत्र्यातून अक्षराचा आकार कापून, तो दुसऱ्या पत्र्यावर जडवून मोठ्या अक्षरांचे साचे केले. साचे उत्तम झाले, पण वजन आणि किंमत? ती तशीच.

आणि इथे येतो डेरियस वेल्स, न्यूयॉर्कचा मुद्रक. त्याने काय केलं हे समजून घ्यायचं, तर क्षणभर झाडाच्या आत शिरावं लागेल.

झाडाचं खोड हे लक्षावधी सूक्ष्म नळ्यांचं बनलेलं असतं. त्या सगळ्या मुळाकडून शेंड्याकडे, एकाच दिशेने उभ्या असतात. पाणी याच वाटेने वर चढतं. आपण खोड लांबीत चिरून फळी काढतो तेव्हा त्या नळ्या फळीत आडव्या पडलेल्या असतात; फळीवर दिसणाऱ्या सुंदर रेषा त्यांच्याच. चिनी कोरक्यांनी अक्षरं कोरली ती अशाच फळ्यांवर. पण खोड आडवं कापलं, काकडीच्या चकत्या कराव्यात तसं, तर? मग प्रत्येक चकतीत नळ्या उभ्या राहतात आणि चकतीचं तोंड त्या नळ्यांच्या टोकांचं बनलेलं असतं.

एवढ्याशा फरकाने सगळं पालटतं! लाकूड ओलाव्याने फुगतं ते नळ्यांच्या आडव्या अंगाला. लांबीत ते जवळपास हलतच नाही. मेपलचे आकडे बघा. ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत घेराच्या दिशेने सुमारे दहा टक्के आकसतं, गाभ्यापासून सालीच्या दिशेने पाच टक्के, आणि खोडाच्या लांबीत? टक्क्याचा जेमतेम दहावा भाग. आता खिळ्याची ती उंची आठवा, २३.३ मिलिमीटर. नळ्या उभ्या असतील, तर ओल्यापासून ठणठणीत कोरडं होईपर्यंत या उंचीत फरक पडेल एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा. नळ्या घेराच्या अंगाने आडव्या असतील, तर तोच फरक दोन मिलिमीटरच्या वर जाईल! आणि वाळलेल्या लाकडावर ऋतूंचा परिणाम याहून कितीतरी कमी. उभ्या नळ्यांचं लाकूड रुंदीत थोडं कमीजास्त होतं, पण रुंदीत केसभर फरक पडला तर इंग्रजी अक्षरांचं फारसं बिघडत नाही. ज्या एका मापात लाकडाने जराही हलायचं नव्हतं, नेमकं त्याच मापात झाडाने हलायचं नाकारलं होतं. बी शंगच्या तक्रारीला उत्तर होतं, ते झाडाच्या आतच दडलेलं होतं.

दाबाचंही तेच. मेपलवर नळ्यांच्या दिशेने दाब दिला तर ते आडव्या दिशेपेक्षा पाचपटीच्या आसपास जास्त भार सोसतं. आपल्याकडे मटणाच्या दुकानात चिंचेच्या बुंध्याचा ओंडका बघितला असेल. खाटीक तो उभ्या नळ्यांचाच ठेवतो आणि वर्षानुवर्षं त्यावर सुरा चालवतो. फळी असती तर महिन्याभरात ढलप्या निघाल्या असत्या. छपाईच्या यंत्राचा हजारो वेळा पडणारा दाब लाकडी अक्षर सोसतं ते याच बळावर.

लाकूड उभं वापरायची कल्पना वेल्सची नव्हे. इंग्लंडमधला थॉमस ब्यूइक अठराव्या शतकाच्या अखेरीस बॉक्सवुडच्या अशाच उभ्या तुकड्यांवर पशुपक्ष्यांची चित्रं कोरत होता, आणि इतकी बारीक की पिसातला तंतू दिसावा. वेल्सने ती युक्ती अक्षरांना लावली. पण त्याचं खरं कर्तृत्व निराळं. १८२७ मध्ये त्याने गरागरा फिरणाऱ्या उभ्या पात्याचं यंत्र अक्षरं कापायला जुंपलं. लाकडावर अक्षर आखायचं आणि त्याच्या कडेने यंत्राचं पातं फिरवायचं. नको असलेलं लाकूड भुसा होऊन उडतं, अक्षर उठून राहतं. आज प्रत्येक फर्निचरवाल्याकडे असतो तो राऊटर याच कुळातला. मार्च १८२८ मध्ये वेल्सने आपल्या लाकडी अक्षरांचं नमुनापत्रक छापलं. या धंद्यातलं जगातलं ते पहिलं.

मेपलच का? ओक तर जास्त नावाजलेलं लाकूड! पण ओकच्या चकतीवर बोट फिरवलं तर वर्षाच्या प्रत्येक वलयात मोठ्या छिद्रांची रांग लागते. शाई लावून छापलं तर कागदावर ती छिद्रंही उमटतील. मेपलची छिद्रं अतिशय बारीक आणि सगळीकडे सारखी विखुरलेली. घासून, लाखेचं पॉलिश चढवलं की त्याचं तोंड काचेसारखं गुळगुळीत होतं. आणि पाश्चात्त्य छपाईची शाई पाण्याची नसते, जवसाच्या तेलाची असते. चिनी शाई पाण्यात कालवलेली, त्यामुळे लाकूड छापतानाच भिजायचं. तेल लाकडाला फुगवत नाही. उलट वर्षानुवर्षं तेल मुरत गेलेलं अक्षर आणखी कणखर होतं. म्हणूनच ही अक्षरं रॉकेलसारख्या द्रावकाने पुसतात, पाण्याने धूत नाहीत.

चकत्या सुकवण्याचीही तऱ्हा होती. गोल चकती वाळायला ठेवली की ती हमखास तडकते, कारण घेर दहा टक्के आकसू पाहतो आणि त्रिज्या पाच टक्केच. या ओढाताणीत लाकूड फाटणारच. म्हणून कारखाने चकतीचे आधीच दोन अर्धे करत. अर्ध्या चकतीला मुरडायला मोकळीक मिळते, ताण निघून जातो. मग हे तुकडे दीड-दोन वर्षं मुरवत ठेवायचे. त्यानंतर पातं.

यापुढची पायरी मला सगळ्यांत विलक्षण वाटते. विल्यम लेव्हनवर्थ या माणसाने १८३४ मध्ये वेल्सच्या पात्याला पँटोग्राफ जोडला. पँटोग्राफ म्हणजे चार दांड्यांचा खिळखिळा समांतरभुज चौकोन. एका टोकाने मूळ चित्राच्या रेषेवरून फिरायचं, दुसरं टोक तीच रेष लहान किंवा मोठी करून गिरवतं. जर्मनीतल्या क्रिस्टोफ शायनर या धर्मगुरूने तो १६०३ मध्ये शोधला होता, चित्रांच्या नकला काढायला. लेव्हनवर्थने पेन्सिलीच्या जागी फिरतं पातं बसवलं. बस्स! आता अक्षराचा एक मोठा लाकडी नमुना करायचा. कामगाराने त्याच्या कडेने सुई फिरवायची. पलीकडे पातं मेपलमध्ये तेच अक्षर कापत जातं. दांड्यांचं माप बदललं की त्याच नमुन्यातून इंचभराचं अक्षर निघतं, पुन्हा बदललं की फूटभराचं. शंभरावा इंग्रजी ‘ई’ पहिल्या ‘ई’सारखाच.

याची थोरवी कळायला धातूच्या खिळ्यांकडे बघावं लागेल. तिथे प्रत्येक आकारासाठी पोलादाचा ठसा नव्याने, हाताने कोरावा लागे. एकाच वळणाचे दहा आकार हवे, तर तेच अक्षर दहा वेळा कोरायचं. धातूच्या कामात ही मेहनत वाचवणारं पँटोग्राफचं यंत्र लिन बॉइड बेंटनने मिलवॉकीत पेटंट केलं ते १८८५ मध्ये. म्हणजे स्वस्त, भिंतीवर चिकटवायच्या कामासाठी जन्मलेलं लाकडी अक्षर त्या मानाच्या धातूच्या अर्धशतक पुढे होतं!

फिरणारं पातं गोल असतं, त्यामुळे त्याला आतला टोकदार कोपरा कापता येत नाही. ‘ई’च्या तीन आडव्या रेघा दांड्याला मिळतात तिथे पातं किंचित गोलाई ठेवतं. ते कोपरे शेवटी बारीक सुरीने, हातानेच साफ करावे लागत. यंत्राने कापलेल्या बहुतेक अक्षरांत असं एखादं तरी टोक माणसाच्या बोटांनी पुरं केलेलं असे.

आणि यंत्र हातात आल्यावर आकारांना जे उधाण आलं! नवा नमुना करणं सोपं, मग संकोच कशाला? कनेक्टिकटमधल्या विल्यम पेजच्या कारखान्यात अक्षरं लांबट झाली, पसरट झाली, त्यांना मधेच काटे फुटले, पाय दुभंगले, वेलबुट्टी आली. काउबॉयपटांतल्या ‘वाँटेड’ फलकांवरचं अक्षर तुम्हाला आठवेल: पाय आणि डोकं जाडजूड, मधला दांडा बारीक. लिहिताना बोरू जिथे जाड रेघ काढतो तिथे बारीक, आणि बारीक काढतो तिथे जाड! फ्रेंच क्लॅरेंडन म्हणतात त्याला. अक्षर अरुंद ठेवूनही लांबून नजरेत भरावं, म्हणून केलेली ही उलटापालट. पेजने १८७४ मध्ये रंगीत अक्षरांचा एक नमुनाग्रंथ काढला. त्यातल्या अक्षराचे दोन-तीन वेगळे खिळे असतात. एक रंग एका खिळ्याने, त्यावर दुसरा दुसऱ्याने, आणि दोन रंग एकमेकांवर चढतात तिथे तिसरा आपोआप तयार होतो. छपाईच्या इतिहासात याहून देखणी पुस्तकं मोजकीच असतील, असं माझं मत आहे. आणि ते होतं काय, तर मालाची यादी!

या अक्षरांचं मापही वेगळं. धातूचे खिळे पॉइंटात मोजायचे, लाकडी अक्षरं ‘लाईन’मध्ये. एक लाईन बारा पॉइंटांची, इंचाचा सहावा भाग. दहा लाईनचं अक्षर पावणेदोन इंचाला थोडं कमी भरतं.

एकोणिसाव्या शतकातली अमेरिका या अक्षरांत बोलली. सर्कशी, निवडणुका, सैन्यभरती, आगबोटी. माणसांचे लिलाव पुकारणाऱ्या आणि पळून गेलेल्या गुलामांवर इनाम लावणाऱ्या जाहिरातीही अशाच मोठ्या अक्षरांत भिंतींवर लागल्या, हे विसरता येत नाही. एप्रिल १८६५ मध्ये लिंकनच्या मारेकऱ्याला पकडण्यासाठी एक लाख डॉलरच्या इनामाचा फलक निघाला, तोही असाच ठळक अक्षरांनी ओरडणारा.

मग विस्कॉन्सिन राज्यात, मिशिगन सरोवराच्या काठी असलेल्या टू रिव्हर्स गावात १८८० मध्ये एक तातडीचं काम निघालं. तिथल्या वर्तमानपत्राच्या संपादकाला एका फलकासाठी मोठी अक्षरं हवी होती, आणि ती दूर पूर्वेकडून मागवायला वेळ नव्हता. त्याने जेम्स एडवर्ड हॅमिल्टन या तरुणाला विचारलं. हॅमिल्टनने आईच्या घरामागच्या ओसरीत, पायाने चालवायच्या करवतीवर पातळ लाकडातून अक्षरं कापली, साध्या लाकडाच्या ठोकळ्यांवर डकवली आणि घासून दिली. अक्षरं छान उमटली! हॉली नावाच्या झाडाचा पातळ पापुद्रा आणि खाली स्वस्त लाकूड, ही त्याची पद्धत इतकी कमी खर्चाची होती की जुन्या कारखान्यांचं धाबं दणाणलं. १८९१ मध्ये त्याने पेजचा कारखानाच विकत घेतला. शतक संपेपर्यंत डेरियस वेल्सच्या घराण्यातला धंदाही त्याच्याकडे आला. मजा अशी की तोवर हॅमिल्टन स्वतः पापुद्रा सोडून उभ्या नळ्यांच्या मेपलकडे वळला होता. टिकाऊपणात मेपलला तोड नव्हती. हॅमिल्टनच्याच कंपनीने पुढे १९३८ मध्ये कपडे वाळवायचं स्वयंचलित यंत्र बाजारात आणलं, अमेरिकेतल्या अशा पहिल्या यंत्रांपैकी एक. वर्षानुवर्षं लाकडं वाळवणाऱ्यांनी शेवटी कपडेही वाळवले.

विसाव्या शतकात ऑफसेट आलं, फोटोवरून अक्षरं जुळू लागली, आणि लाकडी अक्षरं अडगळीत गेली. कित्येक चुलीतही गेली असतील. सुकं, तेल मुरलेलं मेपल झकास पेटतं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस मिनिआपोलिसच्या कलाशाळेत शिकवणाऱ्या रॉब रॉय केली यांनी ही अक्षरं गोळा करायला घेतली, विद्यार्थ्यांना छपाई करता यावी एवढ्याच हेतूने. मग त्यांना प्रश्न पडला: ही कुणी केली? कधी? उत्तर देणारं एकही पुस्तक नव्हतं. ज्या अक्षरांनी अख्ख्या देशाच्या भिंती भरल्या, त्यांचा इतिहास कुणी लिहिलाच नव्हता!

केलींना धागा सापडला तो अक्षरांच्याच अंगावर. बरेच कारखानदार संचातल्या मोठ्या ‘ए’च्या बाजूला आपलं नाव ठोकत. कधी गावही. कारखान्याने गाव बदललं, भागीदार बदलला, की ठसाही बदले. त्यामुळे एका ‘ए’च्या कडेवरून कारखाना कळतो आणि पुष्कळदा काळही. हे ठसे आणि जुने नमुनाग्रंथ ताडून बघत केलींनी वंशावळ उभी केली. त्यांचा ‘अमेरिकन वुड टाइप : १८२८–१९००’ हा ग्रंथ १९६९ मध्ये आला. त्यांचा संग्रह आज टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन आवारात आहे. हॅमिल्टन कंपनीने १९८५ मध्ये लाकडी अक्षरं करणं थांबवलं, आणि १९९९ मध्ये टू रिव्हर्समध्येच त्यांचं संग्रहालय उभं राहिलं. तिथे आज सुमारे १५ लाख अक्षरं आणि ती कापायची यंत्रं आहेत.

आणि तुमच्या संगणकात? १९९० च्या दशकात अडोबी कंपनीने या जुन्या नमुन्यांवरून फाँट केले. मेस्किट, रोझवुड, झेब्रावुड, कॉटनवुड अशी नावं देऊन, सगळी लाकडांची. उलट दिशेचा प्रवासही झाला. पडद्यावर वाचता यावं म्हणून व्हर्डाना आणि जॉर्जिया ही अक्षरवळणं करणाऱ्या मॅथ्यू कार्टर यांनी हॅमिल्टन संग्रहालयासाठी मेपलमध्ये कापायचं नवं अक्षर रेखाटलं. नॅशव्हिलचा हॅच शो प्रिंट हा छापखाना १८७९ पासून लाकडी अक्षरांनी फलक छापतो आहे, आजही.

मराठी छापखान्यांतही मोठ्या मथळ्यांसाठी आणि जाहिरातींसाठी लाकडी खिळे होते. त्यांची परीक्षा इंग्रजी अक्षरांहून कडक. इंग्रजीत दोन अक्षरांमध्ये केसभर फट पडली तर डोळ्याला कळतही नाही. देवनागरीत प्रत्येक अक्षर शिरोरेषेचा आपला तुकडा डोक्यावर घेऊन येतं आणि तो शेजारच्या तुकड्याला सलग भिडावा लागतो. लाकूड हवेने रुंदीत जरा आकसलं, खिळ्याचा कोपरा जरा झिजला, की ती रेष तुटलेली दिसते. उभ्या नळ्यांनी उंचीचा प्रश्न सोडवला, पण आपल्या लिपीने नेमकं रुंदीवर बोट ठेवलं! जुन्या मराठी जाहिरातीत सलग शिरोरेषेची मोठी ओळ दिसली, तर ती जुळवणाऱ्याच्या हाताला मनोमन दाद द्या.

आज जुन्या बाजारात ही अक्षरं शोभेच्या वस्तू म्हणून सुटी विकली जातात. आपल्या नावाचं आद्याक्षर घ्यायचं आणि दिवाणखान्यात मांडायचं. माझी कळकळीची विनंती आहे की असं करू नका. ‘ई’ नसलेला इंग्रजी संच किंवा ‘र’ नसलेला मराठी संच छपाईच्या कामाचा राहत नाही. एक अक्षर घरी आणताना आपण बाकीची सगळी मुकी करतो. तुमच्या गावात जुना छापखाना बंद होत असेल, मालकाने लाकडी खिळ्यांच्या पेट्या भंगारात काढायचं ठरवलं असेल, तर त्यांना संच फोडू देऊ नका. अख्खा संच एखाद्या कलाशाळेला, संग्रहालयाला किंवा हौशी मुद्रकाला द्यायला सांगा. पाण्याने धुऊ नका, उन्हात ठेवू नका. आणि देण्याआधी, संच इंग्रजी असेल तर मोठा ‘ए’ उचलून त्याची कड बघा.